पाहुणे सरांच्या लखलखीत बाटल्या

मागच्या महिन्यात केतकीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, पाहुणे सरांचा लेख छापून आला. शेवटी आभार मानलेत, ऐका." तिने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. चार-पाच मोठ्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर सरांनी संस्थेच्या काचसामान धुण्याच्या विभागाचे आभार मानले होते. तो विभाग म्हणजे मी, एक मोरी आणि दोन नळ. त्यातला एक गळका.

लेख कशावर आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काचेची भांडी कशी धुवावीत यावर." चार वर्षं या माणसाने औषध शोधलं आणि लेख लिहिला भांडी धुण्यावर.

केतकीला राग आला होता. मला नाही आला. त्यांनी नळाचे आभार मानले हेच पुष्कळ झालं. फोन ठेवला आणि भाजी निवडत बसले, पण तो माणूस डोक्यातून जाईना. म्हणून लिहिते. मी चौथी पास आहे. लेख छापायला चौथी पुरत नसेल, पण एका माणसाबद्दल खरं सांगायला पुरते.

पाहुणे हे त्यांचं आडनाव नव्हे. रोगांवर औषधं शोधणाऱ्या एका संस्थेत मी काचसामान धुवायचे, ठेकेदाराकडून लागलेली. तिथे ते बाहेरून आलेले रसायनवाले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या दारावर इंग्रजीत 'व्हिजिटिंग' लिहिलेलं. आले सहा महिन्यांसाठी आणि राहिले चार वर्षं. काम टाळायचं असलं की म्हणायचे, "मी इथे पाहुणा आहे." वर्गणी आली की पाहुणा, मीटिंग आली की पाहुणा, कपाटं साफ करायचा दिवस आला की अगदी जावई. पण खिडकीजवळची जागा आणि सगळ्यात मोठं कपाट यांचे मात्र मालक.

उंच, जरा वाकलेले, साठी उलटलेली. बोटं पिवळी, आणि शर्टांना अ‍ॅसिड उडून बारीक बारीक भोकं पडलेली. ती भोकं ते लपवत नसत. उलट कॉलेजची मुलं आली की बाही पुढे करून दाखवायचे, "हे नायट्रिक. हे सल्फ्युरिक." आमच्या सुनेने दुकानातून फाटकी जीन्स आणली तेव्हा मला पहिली त्यांचीच आठवण झाली.

त्यांना सगळ्याचा वास घ्यायची सवय. वासही आपल्यासारखा नाक खुपसून नाही घ्यायचे. भांड्यावरून हाताने वारा नाकाकडे ओढायचे, रसायनवाले ओढतात तसा. चहाच्या कपावरून ओढायचे, मिसळीवरून ओढायचे. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादावरून ओढला आणि भटजींना म्हणाले, "रवा थोडा करपलाय." कॅन्टीनमध्ये रोज म्हणायचे, "चहा दीड मिनिट जास्त उकळलाय." शेवटी कॅन्टीनवाला म्हणाला, "मग सर, दीड मिनिट आधी येत जा ना." सरांनी त्यावर खरंच विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर यायला लागले.

माझी त्यांची गाठ पडली ती पहिल्याच दिवशी. मी धुतलेला एक फ्लास्क त्यांनी उजेडात धरला, आत पाणी फिरवलं, ओतून दिलं आणि परत उजेडात धरला.

"अहो बाई, आपण हे धुतलंत की नुसतं ओलं केलंत?"

"धुतलंय."

"मग हा थेंब का राहिला? स्वच्छ काचेवर पाणी एकसारखं पसरतं. थेंब राहिला म्हणजे तिथे काहीतरी आहे."

मी बघितलं. थेंब होता. माणूस खडूस असला तरी त्या थेंबाबद्दल खरं बोलत होता. मी तो फ्लास्क परत धुतला. पण तोवर त्यांचं ठरून गेलं होतं. म्हणाले, "राहू द्या. माझं मी बघेन. काच खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात."

तेव्हापासून त्यांच्या बाटल्या ते स्वतः धुवायचे. लाकडी पेटीतून स्वतःचं काचसामान आणलं होतं, ते कुणाला हात लावू देत नसत. एका बरणीत गडद तपकिरी अ‍ॅसिड करून ठेवलेलं. शनिवारी सकाळी रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, चिमटा असा थाट करून बाटल्या त्यात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी काढायच्या, दोनदा पाणी फिरवायचं की झालं. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या बाटल्या लखलखायच्या. काच आहे की नाही कळू नये अशा. माझ्या त्यांच्यापुढे ओशाळवाण्या दिसायच्या.

आमच्याकडे नियम होता की पेशी वाढवायच्या कामाला असलं अ‍ॅसिड लावलेली काच वापरायची नाही. पेशी म्हणजे शरीराचे बारीक बारीक कण, ते बशीत घालून ऊबदार कपाटात वाढवतात. त्या फार नाजूक असतात, लहान बाळासारख्या रुसतात. म्हणून माझी रीत अशी होती: सौम्य साबण, ब्रश, मग नळाखाली सात वेळा विसळायचं, मग शुद्ध पाण्याने तीन वेळा, आणि उपडं घालून ओव्हनमध्ये वाळवायचं. मी मोठ्याने मोजते. मध्ये कुणी बोललं तर परत एकपासून. प्रयोग करणाऱ्या मुलांना हे माहीत होतं, ती दारात गप्प उभी राहायची. पाहुणे सर पाचावर येऊन विचारायचे, "बाई, माझा चष्मा दिसला का?" चष्मा त्यांच्या कपाळावर असायचा. मी परत एकपासून.

आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमनी त्यांना अ‍ॅसिडच्या नियमाची आठवण करून दिली होती. मी तेव्हा तिथेच होते. सर म्हणाले, "तो नियम ज्यांना अ‍ॅसिड वापरता येत नाही त्यांच्यासाठी आहे." मॅडम स्वभावाने मऊ आणि सदा घाईत. सोडून दिलं त्यांनी.

त्यांचं औषध निघायचं होतं आंबेहळदीतून. थंडीत ओली आंबेहळद येते तेव्हा एका रविवारी मला मंडईत घेऊन गेले, कारण भाजीवाल्या त्यांना फसवतात असा त्यांचा संशय. फसवत नव्हत्या, हाकलत होत्या. एका गाळ्यावर त्यांनी हळदीचा तुकडा मोडला, वरून वारा ओढला आणि विचारलं, "ही कुठल्या शेतातली? कधी खणली? आधी तिथे काय पीक होतं?"

बाई म्हणाली, "आजोबा, हळद घ्यायचीय का सोयरीक जुळवायचीय?"

"मला हिचा इतिहास हवा."

"इतिहास शाळेत. इथं वजनावर मिळतं."

सर माझ्याकडे वळले. "बाई, या सहकार्य करत नाहीत." मी दोन किलो घेतली आणि पुढे चालायला लागले. परतीच्या रिक्षात ते मला सांगत होते की जीवशास्त्रवाले म्हणजे स्वयंपाकी, सगळा अंदाजाचा कारभार. खरं शास्त्र एकच, ते रसायन. मी म्हटलं, "स्वयंपाकात अंदाज चुकला तर घरचे जेवत नाहीत, लगेच कळतं." ते म्हणाले, "म्हणूनच मी बाहेर जेवत नाही." काय म्हणायचं होतं देव जाणे.

त्या हळदीची त्यांनी पिवळी पावडर केली. तिच्या पुढच्या कामाला केतकी. वर्ध्याकडची मुलगी, बिबवेवाडीत तिघींबरोबर खोली घेऊन राहायची, डॉक्टरेट करत होती. माझ्याकडे येऊन बसायची. "काय करून राहिल्या मावशी?" म्हणायची, आणि मी मोजत असले तर जीभ चावायची. एवढी शहाणी.

तिचं काम असं. सरांची पावडर पाण्यात विरघळवून बाटलीत भरायची आणि कॅन्सरच्या पेशींवर घालायची. शेजारच्या बशीत त्याच पेशींवर नुसतं पाणी घालायचं, पावडरीशिवाय. मग बघायचं कोण मरतं, कोण जगतं. पावडरीच्या बशीतल्या पेशी पटापट मेल्या. पाण्याच्या बशीतल्या मजेत.

संस्थेत गडबड उडाली. सरांनी पेढे वाटले, माणशी अर्धा, सुरीने कापून. हॉलमध्ये त्यांचं भाषण झालं. मी मागे उभी होते. दोन तास बोलले, त्यात केतकीचं नाव एकदा आलं, तेही दिवे मालवायला सांगताना. पण पोरगी खूश होती. दोन वर्षांच्या मेहनतीला फळ आलं असं तिला वाटत होतं, आणि का वाटू नये.

मग पावडरीची एक पुडी परगावच्या एका संस्थेला पाठवली. तिकडच्या लोकांनी कळवलं, आमच्या पेशींना काहीच झालं नाही, उलट चांगल्या वाढल्या. सर म्हणाले, "तिथलं पाणी वाईट आहे." पुढे ते एका लग्नाला नाशिकला गेले, आठ दिवस. त्यांच्या धुतलेल्या बाटल्या संपल्या, म्हणून केतकीने पावडर माझ्या बाटल्यांत भरली. पेशी जगल्या. तिने परत केलं. परत जगल्या.

सर आले. केतकीने सांगितलं. दोन दिवस त्यांनी चहाचाही वास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून दाखवलं. पावडर तीच. पेशी त्याच. केतकी तीच. वेगळी फक्त बाटली. म्हणजे दोष बाटलीत.

तिथवर माणूस सरळ चालला होता. पुढच्या पावलाला घसरला. बाटल्या दोन प्रकारच्या, एक त्यांनी धुतलेली, एक मी धुतलेली. त्यांच्या धुण्यात दोष असणं शक्यच नाही, म्हणजे दोष माझ्या धुण्यात. माझा साबण काचेला राहतो आणि त्यांचं औषध मारून टाकतो, असा त्यांनी निकाल दिला. त्याच दिवशी मॅडमकडे लेखी अर्ज गेला की सदर महिलेस या कामावरून दूर करावे.

आमच्या ठेकेदाराचा मुकादम मला मोरीपाशी येऊन म्हणाला, "मावशी, मॅडमनी सही केली की मी काही करू शकत नाही. आणि भांडी अस्वच्छ ठेवते असं कागदावर आलं की दुसऱ्या ठिकाणीही कुणी ठेवणार नाही."

मला तेव्हा एकसष्ट चालू होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. विश्रांतवाडीत मुलाकडे राहायचे, अजूनही राहते. सून वाईट नाही. पण सकाळी सहाच्या बसने मी निघून जायचे म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी गोड होतो. दिवसभर एका स्वयंपाकघरात दोघी म्हटल्यावर पंधरा दिवसांत भांडी वाजली असती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यात वीस वर्षं ज्या कामावर उभी राहिले ते घाण करते म्हणून घरी बसायचं. हे मला गिळता येईना.

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. सर आधीच बसलेले, केतकी भिंतीला टेकून उभी. मला खुर्ची दिली नाही असं म्हणणार नाही, मीच बसले नाही.

"अहो बाई," सर म्हणाले, "आपण साबण लावता?"

"लावते."

"तो पूर्ण निघतो याची खात्री काय?"

"सात वेळा विसळते. मग तीन वेळा शुद्ध पाण्याने."

"मी खात्री विचारली, आकडा नाही."

मी म्हटलं, "तुमचं निघतं याची खात्री काय?"

"माझं काय निघायचं?"

"अ‍ॅसिड."

सर हसले. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "बाई, अ‍ॅसिड घाण काढतं. ते स्वतः घाण नसतं."

"साबणही घाणच काढतो, सर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सर म्हणाले, "हे बघा मॅडम, आपण शास्त्राचं बोलतोय. यांना यातलं काय कळणार?"

"शास्त्रातलं नाही कळत," मी म्हटलं. "पण दूध नासलं तर मी दुधवाल्याशी भांडायच्या आधी त्याच पातेल्यात थोडं दुसरं दूध तापवून बघते. तेही नासलं तर पातेलं खराब. तुमच्या बाटलीत नुसतं पाणी भरा. पावडर नको. आणि घाला त्या पेशींवर."

मग केतकी हळूच म्हणाली, "मॅडम, हे आपण कधी केलंच नाही. साध्या पाण्याची बाटली नेहमी मावशींनी धुतलेली असते."

ते खरं होतं. पावडरीची बाटली सर धुवायचे, कारण ते औषध. साध्या पाण्याच्या बाटलीला कशाला हात लावतील? ती माझ्या वाट्याला. दोन वर्षं मोठमोठ्या शिकलेल्या माणसांच्या नाकासमोर हे चाललं होतं आणि सगळे पावडरीकडे बघत होते.

"वेळ वाया जाईल," सर म्हणाले.

"तीन दिवस," मॅडम म्हणाल्या. "सही मी तोवर थांबवते."

मॅडमनी स्वतः बाटल्यांवर नुसते आकडे टाकले. कुठल्या आकड्यात काय ते चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. ते तीन दिवस मी रोजच्यासारखी भांडी धुतली. खोटं सांगत नाही, मोजताना दोनदा चुकले.

सोमवारी बश्या उघडल्या. सरांच्या बाटलीतल्या साध्या पाण्याने पेशी मेल्या होत्या. माझ्या बाटलीत भरलेल्या औषधाने त्या छान वाढल्या होत्या. मॅडमनी चिठ्ठी काढली, वाचली आणि सरांपुढे सरकवली. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. उठून म्हणाले, "पुन्हा करा. यावेळी मी बाटल्या नीट धुतो."

आणि नीट धुतल्या. दुप्पट वेळ अ‍ॅसिडमध्ये ठेवल्या. दुसऱ्या फेरीला पेशी तिसऱ्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी मेल्या. सर म्हणाले, "अजून कुठेतरी काहीतरी राहतंय," आणि तिसऱ्या फेरीला बरणीत ताजं, जास्त कडक अ‍ॅसिड केलं. त्या फेरीला सकाळी घातलेल्या पेशी संध्याकाळपर्यंत संपल्या. ते जितके चांगले धुवायचे तितक्या पेशी लवकर मरायच्या. मुकादम दर फेरीला येऊन विचारायचा, "मावशी, राहताय का जाताय?" मी सांगायचे, "सरांचं धुणं चालू आहे."

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांनी आकडे फिरवले नाहीत. आपल्याच बाटल्या आपल्याच हाताने परत परत बुडवून आपलं औषध त्यांनी स्वतःच बुडवलं, आणि दर वेळी जे झालं ते वहीत जसंच्या तसं लिहिलं. खोटा माणूस असता तर दुसऱ्या फेरीलाच थांबला असता.

तिसऱ्या फेरीनंतर मॅडमनी अर्ज फाडला नाही, परत सरांना दिला आणि म्हणाल्या, "याचं उत्तर तुम्हीच लिहून द्या." सरांनी लिहिलं: सदर महिलेच्या धुण्यात दोष आढळला नाही, मात्र संस्थेच्या नळाच्या पाण्याची तपासणी व्हावी. खाली सही. मॅडमनी ठेकेदाराला फोन केला की बाई इथेच राहतील, हवं तितके दिवस.

केतकीची दोन वर्षं मोरीतून वाहून गेली. ती रडली नाही. दुपारी माझ्याजवळ डबा न उघडता बसली. मी म्हटलं, "पोळी खा. पेशी मेल्या, तू नाही." खाल्ली तिने. पुढे दुसरा विषय घेऊन डॉक्टर झाली, पण ते नंतर. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "मावशी, मला का नाही सुचलं हो हे?" मी म्हटलं, "तुला त्यांच्या बाटल्या आवडायच्या." तिला ते लागलं असावं. लागू दे म्हणूनच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. माझ्या खोलीला एक खिडकी होती, तिला फळी. मुलं खरकटं काचसामान तिथे आणून द्यायची, आणि एकामागे एक उभी राहायची. त्या रांगेत पाहुणे सर उभे होते. लाकडी पेटी दोन्ही हातांत. चार वर्षांत ते त्या खिडकीशी एकदाही आले नव्हते. त्यांचा नंबर आला. पेटी फळीवर ठेवली.

"अहो बाई, ही धुवाल का?"

मी झाकण उघडून बघितलं. एकेक बाटली लखलखत होती.

"अ‍ॅसिडची भांडी इथे घेत नाहीत."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर आणलीत. आपल्या रीतीने धुतलीत तर कदाचित..."

"नाही निघणार, सर. मॅडमना विचारलंय मी. काचेला धरून बसलेलं ते, हाताने निघत नाही. टाकून द्या, नवी मागवा."

"तीस वर्षं वापरतोय ही. जर्मनीहून येताना मांडीवर घेऊन आलो होतो, सामानात टाकली नव्हती."

"मग घरी ठेवा. फुलं छान दिसतील त्यात."

सरांनी झाकण लावलं. पेटीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. बहुतेक त्यांना वाटत होतं की मी अजून काहीतरी म्हणेन. पण रांग लांबली होती. त्यांच्या मागे केतकी दोन्ही हातांवर ट्रे घेऊन उभी होती.

"सर," ती म्हणाली, "जरा सरकता का?"

सरांनी पेटी उचलली आणि सरकले. मी तिचा ट्रे आत घेतला.